मनाई प्रेमाला नव्हती, लग्नाला होती

माणगाव : रोमन साम्राज्याच्या काळातली एखादी ऐतिहासिक प्रेमकादंबरी हाती घ्यावी, तर नायक-नायिकेच्या आड काय येणार याचा अंदाज वाचकाला पहिल्या काही पानांतच येतो. तो उमराव घराण्यातला आणि ती गुलाम. तो सम्राटाच्या सैन्यातला अधिकारी आणि ती परक्या राज्यातून आणलेली ओलीस. किंवा ती व्हेस्टा देवतेच्या मंदिरातली व्रतस्थ पुजारीण आणि तो कोणीही. पोलिश लेखक हेन्रिक सिंकिएविच यांच्या 'क्वो वादिस' (१८९६) या जगप्रसिद्ध कादंबरीत नीरोच्या काळातला उमराव मार्कस व्हिनिसियस आणि ओलीस ठेवलेली ख्रिस्ती राजकन्या लिजिया यांची कथा आहे. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या धर्तीच्या शेकडो कथा लिहिल्या गेल्या आणि आजही लिहिल्या जात आहेत.

हा अडथळा म्हणजे कथानक रंगविण्यासाठी लेखकाने योजलेली युक्ती, असे समजण्याकडे आपला कल असतो. वास्तविक तो रोमच्या कायद्यातून जसाच्या तसा उचललेला आहे. मराठी वाचकाला तर तो मुळीच परका वाटू नये. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना बाजीराव-मस्तानीच्या आड काय आले हे ठाऊक आहेच. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोम आणि अठराव्या शतकातले पुणे यांच्यात अंतर फार. पण मनाई नेमकी कशाला होती, हा प्रश्न विचारला की दोन्हीकडे उत्तर एकच येते. प्रेमाला नव्हे, लग्नाला.

या दोन्ही कथांचे धागे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव परिसरात एकमेकांजवळ येतात. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या तालुक्यातून पश्चिमेकडे दोन रस्ते फुटतात. इंदापूरहून तळ्याकडे जाणारा रस्ता कुडे येथील लेण्यांकडे आणि मांदाडच्या खाडीकडे नेतो. तो रोमन व्यापाराच्या काळाचा प्रदेश आहे. दुसरा रस्ता म्हसळ्यावरून श्रीवर्धनला, म्हणजे पेशव्यांच्या मूळ गावी जातो. आधी रोमचा कायदा समजून घेऊ आणि मग या दोन रस्त्यांनी जाऊ.

रोमचा जातिभेद

रोमन कायद्यात 'कोनुबियम' अशी एक संज्ञा होती. दोन व्यक्तींनी एकमेकांशी कायदेशीर लग्न करण्याची पात्रता, असा तिचा अर्थ. ही पात्रता सर्वांना नव्हती. इ.स.पू. ४५० च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'बारा पाट्यां'च्या कायद्याने कुलीन पॅट्रिशियन आणि सामान्य प्लेबियन यांच्यातल्या विवाहावर बंदी घातली. थोड्याच वर्षांत, इ.स.पू. ४४५ मध्ये, कानुलेयस या लोकप्रतिनिधीने ती उठविणारा कायदा आणला. त्याला कुलीनांनी घेतलेले आक्षेप इतिहासकार लिव्हीने नोंदविले आहेत : रक्ताची सरमिसळ होईल, कुळांचे हक्क बिघडतील, शकुन पाहण्याचे धर्माधिकार भ्रष्ट होतील. 'वर्णसंकर' या शब्दाशी परिचय असलेल्या कोणालाही हे युक्तिवाद नवे वाटणार नाहीत.

पुढे प्रजासत्ताक लयाला जाऊन साम्राज्य आले आणि पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. १८ मध्ये विवाहविषयक कायदे केले. सिनेटच्या सभासदाला आणि त्याच्या तीन पिढ्यांपर्यंतच्या वंशजांना मुक्त केलेल्या गुलामांशी किंवा नाटकात काम करणाऱ्यांशी लग्न करण्यास मनाई झाली. व्यभिचार हा तोपर्यंत मुख्यतः घरातला मामला होता; तो आता फौजदारी गुन्हा ठरला. गुलामांना तर लग्नाची पात्रताच नव्हती. त्यांच्या सहजीवनाला कायदा 'एका छपराखालचा सहवास' एवढेच म्हणे. गुलाम आईच्या पोटी आलेले मूल तिच्या मालकाची मालमत्ता होई. इ.स. ५२ मध्ये, सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, सिनेटने आणखी एक ठराव केला. स्वतंत्र स्त्री दुसऱ्याच्या गुलामाबरोबर मालकाच्या संमतीविना राहू लागली, तर ती स्वतःच गुलाम ठरू शकत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सिनेटरने मुक्त दासीला घरात ठेवण्यास या कायद्यांची हरकत नव्हती. घरच्या गुलाम स्त्रीशी मालकाने संबंध ठेवला तर तो व्यभिचारही मानला जात नसे, कारण तिला नकार देण्याचा अधिकारच नव्हता. हरकत होती ती तिला पत्नी म्हणण्याला. पत्नी म्हटले की तिची मुले वारस होतात, घराण्याचे नाव लावतात, उद्या सिनेटमध्ये बसतात. कायद्याची नजर प्रेमिकांवर नव्हती. ती त्यांच्या मुलांवर होती.

सैनिकांची गोष्ट हेच सांगते. साम्राज्याच्या पहिल्या दोन शतकांत रोमन सैनिकाला नोकरीत असताना लग्न करता येत नसे. छावण्यांभोवती संसार थाटले जात, मुले होत, पण ती कायद्याच्या दृष्टीने बापाची नसत. इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स. ११९ च्या एका पपायरसात सम्राट हेड्रियनचे पत्र आहे. वारस म्हणून मान्यता नसली तरी सैनिकांच्या अशा मुलांना बापाच्या मालमत्तेवर दावा सांगण्याची सवलत त्यात दिली आहे. लग्नबंदी उठली ती इ.स. १९७ च्या सुमारास, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात.

सम्राटांच्या घरातच

या कायद्यांचा पहिला मोठा तडाखा खुद्द ऑगस्टसच्या घराला बसला. त्याची एकुलती एक मुलगी ज्युलिया हिच्यावर व्यभिचाराचा आरोप आला आणि इ.स.पू. २ मध्ये बापाने तिला पांडातेरिया नावाच्या लहानशा बेटावर हद्दपार केले. तिच्याशी नाव जोडले गेलेल्यांत मार्क अँटनीचा मुलगा युलस हा एक होता. त्याला प्राण गमवावे लागले. नऊ वर्षांनी, इ.स. ८ मध्ये, ज्युलियाच्या मुलीलाही तशीच शिक्षा झाली. त्याच वर्षी प्रेमकलेवर काव्य लिहिणारा कवी ऑव्हिड काळ्या समुद्राकाठच्या तोमिस येथे हद्दपार झाला आणि तेथेच वारला.

कादंबरीकारांना मोहविणाऱ्या आणखी दोन जोड्या आहेत. सम्राट व्हेस्पाशियन आणि सीनिस ही त्यांतली एक. सीनिस ही सम्राट क्लॉडियसच्या आईची लेखनिक. गुलामीतून मुक्त झालेली. पत्नीच्या निधनानंतर व्हेस्पाशियनने तिला घरी आणले आणि सम्राट झाल्यावरही जवळजवळ पत्नीच्या मानाने वागविले. लग्न मात्र झाले नाही. ब्रिटिश लेखिका लिंडसे डेव्हिस यांची 'द कोर्स ऑफ ऑनर' (१९९७) ही कादंबरी याच नात्यावर आहे. दुसरी जोडी व्हेस्पाशियनचा मुलगा टायटस आणि ज्यू राणी बेरेनिस यांची. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम जिंकणाऱ्या टायटसला ज्यू राणीशी लग्न करणे जमले नाही. रोमचे जनमत प्रतिकूल होते. दोघांचीही इच्छा नसताना त्याने तिला परत पाठविले, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो.

लग्न करून दाखविले ते सहाव्या शतकात जस्टिनियनने. त्याची प्रेयसी थिओडोरा रंगभूमीवर काम केलेली होती, म्हणजे कायद्याने निषिद्ध. तेव्हा त्याचा मामा जस्टिन सम्राट होता. त्याच्याकडून तो व्यवसाय सोडलेल्या स्त्रियांना उच्चपदस्थांशी लग्नाची मुभा देणारा कायदा करवून घेण्यात आला आणि पुढे थिओडोरा सम्राज्ञी झाली. मनाई लेखी कायद्याची असली, की ती लेखी कायद्याने उठवता येते. बाजीरावांची अडचण येथेच वेगळी होती. पण त्याआधी मांदाडच्या खाडीकडे जाऊ.

मांदाडच्या खाडीत रोमन जहाजे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची प्रवासपुस्तिका उपलब्ध आहे. रोमन अमलाखालच्या इजिप्तमधून तांबड्या समुद्रामार्गे भारतात येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ती लिहिलेली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत तिने 'सेमिल्ला' म्हणजे चौल आणि 'मंदगोर' यांची नावे दिली आहेत. मंदगोर म्हणजे राजपुरी खाडीकाठचे मांदाड, असे काही अभ्यासक मानतात, तर काही जण ते बाणकोट असावे असे म्हणतात. मांदाडजवळच कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद माणगाव तालुक्यात आहे. आता ती तळे तालुक्यात येतात.

या लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख दान देणाऱ्यांची नावे सांगतात. 'महाभोज' ही पदवी लावणारे स्थानिक मांदव घराणे त्यांत आहे. तसेच लेखनिक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी आणि तांड्याचा प्रमुख हेही आहेत. चैत्यगृहाचे दान आयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला हिने दिले आहे. ब्राह्मणाच्या पत्नीने बौद्ध संघाला दान द्यावे आणि 'अमक्याची पत्नी' म्हणून तिचे नाव दगडात कोरले जावे, ही त्या काळाची एक बाजू झाली.

दुसरी बाजू 'पेरिप्लस'मध्ये आहे. भडोच बंदरात राजासाठी काय आणावे याची यादी त्यात दिली आहे : चांदीची मौल्यवान भांडी, उत्तम मद्य, तलम वस्त्रे, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. चांदी आणि मद्याच्या याच यादीत माणसे आहेत. सागर ओलांडून आलेल्या या मुलींपैकी कोणी कोणावर प्रेम केले असेल, कोणाची आठवण काढली असेल, तर त्याची नोंद कोठेही नाही. जहाजातून उतरलेल्या दासीच्या वाट्याला मालाच्या यादीतली एक ओळ आली. पत्नी आणि बाकीच्या स्त्रिया यांच्यात कायदा जी रेघ ओढतो, ती इतिहासाच्या साधनांतही अशी उमटते. ऐतिहासिक कादंबरीला जागा मिळते ती नेमकी येथे.

श्रीवर्धन ते शनिवारवाडा

आता दुसरा रस्ता. श्रीवर्धन हे भट घराण्याचे गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वाकडे आल्याने बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले आणि १७१३ मध्ये छत्रपती शाहूंचे पेशवे झाले. त्यांचा मुलगा बाजीराव १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पेशवेपदावर आला. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने बुंदेलखंडाच्या राजा छत्रसालाला कोंडीत पकडले असता बाजीरावांनी धावून जाऊन त्याची सुटका केली. त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. ती छत्रसालाची मुस्लिम स्त्रीपासून झालेली मुलगी होती, असे परंपरा सांगते. ती नृत्य-गायनात निपुण कलावंतीण होती, असेही काही बखरकारांनी लिहिले आहे. विवाह झाला होता की नाही, यावरही इतिहासकारांत मतभेद आहेत. हा मतभेदच बोलका आहे. ज्या स्त्रीचे पत्नीपद घराण्याने मान्य केले नाही, तिच्या लग्नाची निर्विवाद नोंद दप्तरात कोठून मिळणार?

पेशव्याने दुसरी स्त्री घरात आणली, एवढ्याने पुण्यात खळबळ माजण्याचे कारण नव्हते. बहुपत्नीकत्व रूढ होते आणि सरदारांच्या पदरी कलावंतिणी असत. मस्तानीसाठी शनिवारवाड्याच्या आवारात महाल उभा राहिला, तिला पाबळ गाव इनाम मिळाले. वाद पेटला तो तिला आणि तिच्या मुलाला घरातले स्थान देण्यावरून. या मुलाचा जन्म १७३४ चा. त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते आणि त्याची मुंज करावी अशी बाजीरावांची इच्छा होती, पण ब्रह्मवृंदाने नकार दिला, असे सांगितले जाते. तो पुढे समशेर बहाद्दर म्हणून वाढला.

१७४० च्या आरंभी पेशव्यांच्या घरात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न होते. मस्तानीचा संबंध सुटत नाही तोवर धर्मकृत्यांत अडथळा येणार, ही धास्ती घराला होती. बाजीराव मोहिमेवर गेले असताना धाकटे बंधू चिमाजी अप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवले. बाजीरावांचे मन दुखवू नये, असा छत्रपती शाहूंचा कल होता. तरीही तिची सुटका झाली नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

बाजीरावांच्या आड आलेली मनाई कोणत्याही लेखी हुकमाने घातलेली नव्हती; ती बहिष्काराच्या भीतीत होती. घरात अन्नव्यवहार होणार नाही, मुंज-लग्नाला पुरोहित मिळणार नाही, सोयरीक जुळणार नाही. पेशवाईत अशा वादांना 'ग्रामण्य' म्हणत. जस्टिनियनला एक कायदा बदलून घेता आला. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणाऱ्या बाजीरावांना बदलण्यासाठी कायदाच नव्हता. उलट टायटसप्रमाणे तेही जनमतापुढे हरले.

मूल मात्र उरले. आईबापांच्या पश्चात बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांनी समशेर बहाद्दरचा सांभाळ केला, असे सांगतात. १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमी होऊन मरण पावला. त्याचा मुलगा अली बहाद्दर याने बुंदेलखंडात राज्य मिळविले. बांद्याचे नवाब ते हेच घराणे. ज्याला पंक्तीत जागा नव्हती, त्याला रणांगणावर मात्र होती.

कादंबरी काय दाखवते, काय झाकते

ऐतिहासिक प्रेमकादंबरीचे मोठे श्रेय हे, की दप्तराने ज्यांना गप्प ठेवले त्यांना ती बोलते करते. 'राऊ'मुळे मस्तानी ही मराठी घरांत केवळ कुजबुजीचा विषय राहिली नाही. २०१५ मध्ये याच कादंबरीवर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखविल्यावरून पुण्यात निषेध झाला. पावणेतीनशे वर्षांनंतरही या दोन स्त्रियांनी एका पंक्तीला यावे की नाही, हा प्रश्न शिळा झालेला नव्हता.

पण हा साहित्यप्रकार काही गोष्टी झाकतोही. गुलाम नायिका मालकावर अनुरक्त होते तेव्हा तिला 'नाही' म्हणण्याची सोय होती का, हे बहुतेक रोमन प्रेमकथा विचारत नाहीत. पहिल्या पत्नीचे दुःख दुय्यम ठरते. प्रेमिकांच्या मृत्यूवर किंवा मीलनावर कथा संपते आणि मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न पानाबाहेर राहतो. वास्तविक मनाईचे खरे कारण तो मुलगाच होता.

आजची मनाई

माणगावला लागून महाड आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने ते साऱ्या देशाला माहीत झाले. त्याआधी अकरा वर्षे, मे १९१६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे प्रतिपादन केले होते. रोमच्या कुलीनांनी कानुलेयसला विरोध का केला, याचेही उत्तर त्यात सापडते. विवाहाची सीमा टिकली तरच वर्गाची सीमा टिकते.

आपल्याकडे कायद्याने ही सीमा टप्प्याटप्प्याने पुसली. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण अमुक धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९४९ च्या कायद्याने हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना वैधता दिली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता, न बदलता भिन्नधर्मीयांना लग्न करण्याचा मार्ग खुला केला. त्या कायद्यात तीस दिवसांच्या नोटिशीची अट आहे. वधू-वरांची नावे कार्यालयात लावली जातात आणि त्या महिन्याभरात घरचे दडपण आणतात, अशी तक्रार अनेक जोडपी करतात.

म्हणजे रोममधली लेखी मनाई येथे गेली. पुण्यातली अलिखित मनाई राहिली. तिचे आजचे नाव 'वाळीत टाकणे'. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणे गेल्या दशकात मोठ्या संख्येने उजेडात आली. जातीबाहेरचे लग्न हे त्यांतले एक कारण होते. अशा प्रकरणांनंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. किराणा न देणे, विहीर-पाणवठा बंद करणे, लग्नकार्यात किंवा अंत्ययात्रेला न जाण्याचा दंडक घालणे, असे प्रकार या कायद्याच्या कक्षेत येतात.

बाजीरावांच्या काळी बहिष्काराविरुद्ध दाद मागायला कोणतेही दार नव्हते. आज पोलिस ठाण्याचे आणि न्यायालयाचे दार आहे. ते ठोठावणाऱ्याच्या मागे शेजारपाजारचे किती जण उभे राहतात, यावर पुढचे अवलंबून आहे. मस्तानीसाठी हळहळणारा वाचकवर्ग महाराष्ट्रात मोठा आहे. आपल्या आळीतल्या अशाच एखाद्या जोडप्याच्या मुलाच्या बारशाचे आमंत्रण आले, तर त्यातले किती जण जातील, हे मात्र कोणत्याही कादंबरीत लिहिलेले नाही.